भुवनाचं बोट

"अ‍ॅक्सेस डिनाइड," असं दारातली ती बाई दुसऱ्यांदा म्हणाली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई म्हणजे कुलूप. पोंगलच्या सुट्टीत माझा मुलगा गिरीश सिंगापूरहून चार दिवसांसाठी आला आणि त्यातला एक अख्खा दिवस घालवून त्याने ते दारावर बसवून घेतलं. काळं, काचेचं, तळहाताएवढं. बोट ठेवलं की उघडतं, आणि उघडायचं नसलं की तसं इंग्रजीत सांगतं. मी एकतीस वर्षं तंजावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. या मार्गावरच्या सर्व लाइनी व्यस्त आहेत, हे वाक्य मी दिवसातून दोनशे वेळा म्हटलेलं आहे, तेव्हा गोड आवाजात नाही कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवायला नको. पण माझ्या नाहीच्या मागे मी बसलेली असायचे. पलीकडचा माणूस रडायला लागला, पापनाशमला बाप गेलाय म्हणाला, तर मी कुठून तरी लाइन काढून द्यायचे. ह्या बाईच्या मागे कुणीच बसलेलं नाही, अशी माझी समजूत होती. सकाळचे नऊ वाजून गेले होते, आयुधपूजेचा दिवस, माझे दोन्ही हात गंधाने भरलेले, आणि सव्वीस वर्षं माझ्या घरी कामाला येणारी भुवना बाहेर दृष्टीचा कोहळा घेऊन उभी होती.

आयुधपूजेला आमच्या गावात वस्तू बसतात आणि माणसं त्यांची सेवा करतात. बसगाड्यांना केळीचे खुंट बांधतात, शिंपी मशीनला हार घालतो, आणि पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी विजयादशमीपर्यंत कुणी कामाला लावत नाही. आमची मराठी घरं इथे इतकी वर्षं राहिली आहेत की आमच्यात तमिळ कुठलं आणि मराठी कुठलं असं कुणी विचारायला लागलं तर मी त्याला कॉफी देऊन गप्प करते. माझ्या पूजेत विळी असते, कात्री, गॅसचा लायटर, माझा चष्मा, निवृत्त होताना मागून आणलेला एक्स्चेंजमधला जुना हेडफोन, आणि दरवर्षी न चुकता किल्ल्यांचा जुडगा. ह्या वर्षी जुडगा नव्हता, कारण किल्लीच वापरात राहिली नाही. पण घर राखणारी वस्तू पूजेवाचून कशी ठेवायची? म्हणून सकाळी न्हाऊन आल्याबरोबर मी दार उघडलं आणि कुलपाच्या काचेवर, जिथे बोट ठेवायचं बरोबर तिथेच, रुपयाएवढं गंध लावून वर कुंकू टेकवलं. मला ते फार शोभून दिसलं. आता ते नाही म्हणायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की अगं वसुमती, तू त्या बाईचं तोंडच लिंपून ठेवलंस. तिडीक गेली होती ती माझीच मला.

मी कोपराने मूठ दाबून दार उघडलं, आणि हसत हसतच बाहेर आले. भुवना हसली नाही. कोहळा काखेत, चप्पल पायरीखाली काढलेली, आणि नजर दारातल्या कोलमच्या रांगोळीवर. मी म्हटलं, माझाच वेडेपणा, गंध लावलंय मी त्याच्यावर. पदराने काच खसाखसा पुसली. तेवढ्यात वारा आला आणि दार मागे धाडकन लागलं. पाच सेकंदांत ते आपलं आपण कुलूप लावून घेतं, ही त्याची हुशारी. मी माझा अंगठा पुसून लावला. माझ्या बोटांवरच्या रेषा पिठाने, चिंचेने आणि वयाने पार गेल्यात, चारातून एकदा मला ते ओळखत नाही. पण त्या दिवशी पहिल्या फटक्यात उघडलं. म्हणजे काच साफ होती. मी दार पुन्हा ओढून घेतलं आणि तिला म्हटलं, आता तू लाव, खात्री करू. "राहू दे अम्मा," ती म्हणाली. मला वाटलं, कोहळा जड झालाय. तो मी तिच्या काखेतून काढून घेतला. लाव म्हटलं ना. माझ्या आवाजात एक्स्चेंजची सुपरवायझर येते कधी कधी, ती आली असणार. भुवनाने पदराला बोट पुसलं, एकदा नाही दोनदा, आणि शाळेत छडी घ्यायला हात पुढे करतात तसं ते पुढे केलं. बाई नाही म्हणाली. आणि नाहीची ही तिसरी खेप झाल्यामुळे वर भोंगाही वाजवायला लागली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. समोरचे गुरुमूर्ती पेपर खाली ठेवून गेटापर्यंत आले. भुवनाने बोट पदरात घेतलं.

भोंगा थांबायच्या आत घरातला माझा फोन वाजायला लागला. तो गिरीशचा असणार हे मला न बघताच कळलं. दारावर कुणी तीन वेळा चुकलं की सिंगापुरात त्याच्या खिशात काहीतरी गुरगुरतं. आणि खोटं कशाला बोलू, हीच गोष्ट मी सगळ्या नातेवाइकांत मिरवलेली आहे. वैशाखात मी पापनाशमला चंद्रमतीकडे, माझ्या धाकट्या बहिणीकडे गेले होते. जेवणाच्या पानावर बसले आणि आठवेना, दार लावलं की नाही. पूर्वी असं झालं असतं तर घास टाकून मी बस पकडली असती. त्या दिवशी गिरीशला फोन केला, त्याने तिकडे बसल्या जागी बघितलं आणि म्हणाला, उघडंच होतं अम्मा, लावून टाकलं, यापुढे ते आपलं आपण लागेल असं करतो, जेव तू. मी रस्समभात दुसऱ्यांदा घेतला. चंद्रमतीला म्हटलं, बघ, लेक समुद्रापलीकडून आईचं दार लावतो. किल्ली शोधायला नको, मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या आणि दही घेऊन आलं तरी अंगठा टेकवला की झालं. मला ते आवडलं होतं. जो दार लावू शकतो तो ते कुणाला तरी बंदही करू शकतो, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, आणि मी स्वतःला हुशार समजते.

फोन घेतला तर गिरीश म्हणाला, कोण आहे दारावर, तू ठीक आहेस ना? मी म्हटलं, भुवना आहे, तिचं बोट घेत नाहीये तुझं कुलूप, बिघडलंय. तो गप्प राहिला. एकतीस वर्षं मी लोकांचं गप्प राहणं ऐकलं आहे. लाइन गेल्याची शांतता वेगळी असते आणि माणूस शब्द शोधतोय ती शांतता वेगळी. मग तो म्हणाला, "आई, बिघडलं नाही. मी काढलाय तिचा अ‍ॅक्सेस." एरवी तो मला अम्मा म्हणतो. काही पटवून द्यायचं असलं की आई. कधी काढलास? तर म्हणाला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, रात्रीच. तूच नाही का म्हणालीस, चांदीचा करंडा सापडत नाही म्हणून. मी तिला चोर म्हटलं नाही हं आई, कुणाला म्हणणार पण नाही, फक्त यादीतून नाव काढलं. तिला काय फरक पडतो, तू घरी असतेसच, तू दार उघडतेस. मी म्हटलं, करंडा चौथ्या दिवशी मिळाला. आणि माझा मुलगा, ज्याच्यावर मी त्या क्षणी इतकी संतापले होते की हातातलं गंध फोनवर वाळत चाललंय हे मला कळत नव्हतं, अगदी शांतपणे म्हणाला, "ते तू मला सांगितलं नाहीस."

नव्हतंच सांगितलं. हे मी कुठे नेऊन टाकू? गोलू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, मांडायच्या दिवशी बाहुल्यांच्या ट्रंका माळ्यावरून भुवनानेच उतरवल्या, सात पायऱ्या तिने लावल्या, त्यावर पांढरं वेष्टीचं धोतर पसरलं, आणि देवीपुढे ठेवायचा माझ्या सासूचा करंडा कुठे दिसेना. मी तिला विचारलं होतं, भुवना, करंडा बघितलास का कुठे? जसं आपण चष्मा कुठे आहे म्हणून विचारतो तसं. संध्याकाळी गिरीशला बोलता बोलता म्हटलं, करंडा मिळत नाही रे, सासूबाईंचा. म्हणायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, गुडघा, करंडा. चौथ्या दिवशी एका पायरीवर जागा मोकळी दिसत होती म्हणून ट्रंकेच्या तळातला वाण्याचा बाहुला काढला, ढेरपोट्या, पुढ्यात तांदूळ-डाळीचं दुकान मांडून बसलेला, तर त्याच्या गुंडाळ्यातच करंडा. गेल्या वर्षी मीच तो असा जुन्या वेष्टीत गुंडाळून ठेवला होता, मोडू नये म्हणून. चांदी मोडू नये म्हणून! मी एकटीच हसले, करंडा चिंचेने घासला आणि देवीपुढे ठेवून दिला. हरवल्याची बातमी द्यायला मला फोन होता. सापडल्याची कुणाला द्यावी असं मनातही आलं नाही. सापडलेली वस्तू म्हणजे काय बातमी असते का?

पण मी गिरीशला सोडणार नव्हते. मी त्याला म्हटलं, तू कोण रे माझ्या दाराची यादी करणारा? आवाज चढला होता, चढू दिला. एक्स्चेंजमध्ये आमच्या कानाला अख्ख्या जिल्ह्याची भांडणं लागलेली असायची. ओरत्तनाडूच्या कचेरीतला साहेब कुणाला काय बोलतो, कुणाची सोयरीक का मोडली, सगळं. प्लग लावला की ऐकू यायचं, पण ऐकू आलेल्यावर आपण काही करायचं नाही हा आमचा धर्म होता. मी कधी कुणाच्या दोन माणसांमधली तार ओढून काढली नाही. आणि माझ्या पोटचा पोरगा माझ्या तोंडातून निघालेलं अर्धं वाक्य पकडतो आणि सव्वीस वर्षांची तार एका बोटाने काढून टाकतो, आणि वर माझी झोप उडू नये म्हणून मला सांगतही नाही. तो म्हणाला, आई, तू एकटी राहतेस, मला तिकडे काळजी असते. खरी असते, मला माहीत आहे. त्या काळजीवर मला बोलता येत नाही म्हणूनच जास्त राग आला. बारा वर्षांचा असताना तो शाळेतून चार वाजता यायचा, माझी दुसरी पाळी असायची, त्याचे वडील बँकेत. दाराला दिंडुक्कलचं पितळी कुलूप होतं, मूठभर वजनाचं. त्याच्या दोन किल्ल्या. एक माझ्या पर्समध्ये आणि एक भुवनाच्या कमरेला, चिंचोळ्या नाडीत बांधलेली. ती दार उघडायची, त्याला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत डोसा घालायची, आणि मी येईपर्यंत गणितं करतोय का बघायची, जिला स्वतःला आकडे लिहिता येत नव्हते. पोंगलला ते नवीन कुलूप बसल्यावर ह्याच गिरीशने तिच्याकडे किल्ली मागितली, आता हिची गरज नाही अक्का, तुझं बोटच किल्ली, असं हसून म्हणून. तिने नाडीची गाठ दाताने सोडवली, किल्ली नळाखाली धुतली आणि त्याच्या हातात ठेवली. पुढे दोन दिवस तिचा हात सारखा कमरेकडे जात होता. ते मी बघितलं होतं. बघूनही कॉफी करायला लावली होती.

मी फोन ठेवला. म्हणजे आपटला. भुवना पायरीवर बसली होती, कोहळा तिच्या पायाशी. मी तिच्या शेजारी बसले. गुडघा म्हणाला नको, तरी बसले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो हिशेब लागला जो आठ दिवस लागला नव्हता. पहिल्या दिवशी तिला विचारलं करंडा बघितलास का. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बोट चालेनासं झालं. नवरात्रात आमच्याकडे दिवसभर दाराची घंटा वाजत असते, हळदीकुंकवाला बायका येतात, सुंडलची उसळ मागायला गल्लीतली पोरं येतात, त्यात सकाळी सातची एक घंटा रोज भुवनाची होती हे मी कुठे धरलं होतं? दार उघडताना मी एकदा म्हटलंही होतं, अगं बोट लावून ये ना, देवपूजेतून उठवतेस. ती म्हणाली होती, हात ओले आहेत अम्मा. कोरडे हात पाठीमागे घेऊन म्हणाली होती.

मी तिला विचारलं, तुला कळलं होतं? ती हो म्हणाली. मग बोलली का नाहीस मला? ती कोलमच्या रेघेवरून पांढरं पीठ बोटाने सारखं करत राहिली, जिथे माझा पाय पडून पुसलं गेलं होतं तिथे.

"मला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी करंडा देवीपुढे बघितला तेव्हा वाटलं, आता उद्यापासून उघडेल. पाचव्या दिवशी लावून बघितलं, सहाव्या दिवशी बघितलं. करंडा मिळाला तरी बोट चाललं नाही. मग लावायचं सोडलं. आज सण म्हणून पुन्हा लावून बघितलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली आणि ती कुणावर उतरवायची ते कळेना. गिरीश? तो दोन हजार मैलांवर. कुलूप? त्याला मी सकाळीच कुंकू लावलं होतं. मी तिला म्हटलं, शप्पथ, मी सांगितलं नाही, त्याने आपल्या मनाने केलं. खरंच होतं ते, आणि बोलता बोलताच मला ते खोट्यासारखं लागलं. सव्वीस वर्षांत ह्या बाईने माझा नवरा मरताना त्याच्या तोंडात पाणी घातलंय, मी हॉस्पिटलात खाली लिफ्टची वाट बघत होते तेव्हा. आणि तिला आठ दिवस वाटू शकलं की वसुमती अम्मा असं करेल. म्हणजे मी सव्वीस वर्षं कशी वागले असेन? तिला ते वाटायला फार कष्ट पडले नाहीत, ह्याचा मला राग आला. तिच्याचवर आला, क्षणभर. इतकी नीच आहे मी.

मग मी उठून पुन्हा फोन लावला आणि गिरीशला सांगितलं, आत्ताच्या आत्ता तिचं नाव परत घाल. बिचाऱ्याने लगेच घातलं. कुलूप टुणटुण वाजलं, हिरवा दिवा लागला. हो म्हणायला त्या बाईला एवढाही वेळ लागत नाही. मी भुवनाला म्हटलं, झालं, लाव आता. "नको अम्मा," ती म्हणाली. मला वाटलं, कुलपावर राग आहे. माझाही होता. मी आत गेले, कपाटाच्या खालच्या खणातून दिंडुक्कलचं कुलूप काढलं, दोन्ही किल्ल्या काढल्या, त्यांना गंध लावलं, कुंकू लावलं, आणि एक तिच्यापुढे धरली. म्हटलं, उद्या विजयादशमी झाली की हे काळं उतरवते आणि आपलं जुनं लावते, ही तुझी. मी खूप मोठं काही देते आहे असं मला वाटत होतं, आणि ती ते घेईल, डोळे पुसेल, आणि आम्ही दोघी कोहळा फोडायला जाऊ.

भुवनाने किल्ली घेतली नाही. ती माझ्याशी कधी नव्हे इतकी हळू बोलली, आजारी माणसाशी बोलतात तसं. "घंटा बरी अम्मा. घंटा वाजवली की तुम्ही उघडता, मी आत येते. तुम्ही असताना येते, तुम्ही असताना जाते. उद्या काही मिळेनासं झालं, तर मी एकटी आत नव्हते हे तुम्हालाही माहीत असेल, गिरीश तंबीलाही." एवढं बोलून तिने कोहळा उचलला, त्याला वरून खाच पाडली, आत कुंकू भरलं, घराभोवती नेहमीसारखा ओवाळला आणि रस्त्याच्या कडेला, कुणाची स्कूटर घसरणार नाही अशा बेताने फोडला. दरवर्षी ती मोठे तुकडे गोळा करून बाजूला लोटते. ह्या वर्षीही लोटले. मग आत आली, माझ्या मागून, माझ्या उघड्या दारातून, आणि भांडी घासायला बसली.

काळं कुलूप मी उतरवलं. गिरीश म्हणाला, काय हे अम्मा, मी म्हटलं आता फोनवर हवामानच विचारत जा. आता दिंडुक्कलचं आहे, आणि दुसरी किल्ली देवीपुढे करंड्यात पडून आहे, कारण ती ठेवायला मला दुसरी जागा सुचली नाही. रोज पावणेसातला मी दार सताड उघडून ठेवते. दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून. समोर खुर्ची टाकून बसते, म्हणजे रस्त्यावरून सुद्धा दिसेल की हे दार उघडं आहे आणि वसुमती तिची वाट बघते आहे. सात वाजता भुवना येते. चप्पल पायरीखाली काढते. मला बघते, मी तिला बघते, मी म्हणते, ये. ती उंबऱ्याबाहेर थांबते, हात भिंतीकडे नेते, आणि घंटा वाजवते.